'येते' म्हणणारी मुलगी

पुष्कळ काळापूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, एका नदीकाठच्या नगरात एक नाटककार राहत होता. राजा विसरला गेला, नाटककाराची गोष्ट मात्र उरली. ती लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण तिच्यातली चूक मोठ्यांची आहे.

त्या नगरात दिवस मावळला की मशाली पेटत आणि लोक नाटकाला जात. पहिल्या रांगेत जाणती मंडळी बसत. डोळे मिटायचे आणि मान हलवायची, एवढंच त्यांचं काम. झोपेत मान हलली तरी ती दाद समजली जाई. त्यांच्या मागे बाकीचं गाव बसे. नाटक पाहायचं ते मागचेच.

तिथला एक रिवाज होता. एखादा प्रवेश आवडला की लोक "पुन्हा!" म्हणून ओरडत, आणि नटांना तो पहिल्यापासून करावा लागे. रंगमंचावर राजा मेला असेल, तर त्याने उठायचं, मुकुट नीट करायचा आणि परत मरायचं.

नाटककाराची बायको लवकर वारली होती. घरात तो आणि त्याची मुलगी. मुलगी बोलकी होती. चुलीपाशी, आडावर, कपडे वाळत घालताना ती बोलत असे, आणि बाप ऐकत असे. इतकं ऐकणारा बाप कुणाला मिळतो, असं शेजारणींना वाटे.

एकदा तो तिच्यावर रागावला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही केलेल्या आमटीत मीठ नसतं, आणि तुमच्या रागातही नसतं."

पुढच्याच नाटकात राणी राजाला म्हणाली, "महाराज, तुमच्या रागात मीठ नाही!" लोकांनी "पुन्हा!" ओरडून छप्पर उडवायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवालीने मुलीला विचारलं, "काय गं, मीठ घालून आलीस ना आज?" मुलगी हसली.

मग एका संध्याकाळी तिला आईची आठवण आली. ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज मला आठवत नाही. फक्त तिच्या बांगड्यांचा आठवतो."

पावसाळा सरला, नवं नाटक आलं. त्यात पोरक्या राजपुत्राने हेच वाक्य म्हटलं. सगळा मांडव रडला. त्या दिवसापासून मुलीला बांगड्या आठवेनाशा झाल्या. आठवायला गेलं की कानात मांडवातले हुंदकेच यायचे.

"बाबा, ते माझं होतं," ती म्हणाली.

"अगं, म्हणून तर ते खरं वाटलं! लोक किती रडले, पाहिलंस ना?"

"पाहिलं. तुम्ही लोकांकडे बघत होतात. मी तुमच्या शेजारी बसले होते."

बापाने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. तो तेच वाक्य मनात घोळवत होता. मुलीला ते कळलं, आणि तिने घरात बोलणं कमी केलं.

तिला बोलण्यापेक्षा वेगळ्या गोष्टीची ओढ होती. नाटकमंडळीतला एक नट खांद्यावर पडला, तेव्हा सगळे ओरडत असताना हिने त्याचा हात धरला, फिरवला आणि सांधा बसवला. नदीपलीकडे डोंगराखालच्या गावात एक म्हातारी हाडवैदीण होती. तिच्याकडे जाऊन ही विद्या शिकायचं मुलीने ठरवलं.

"हाडाला खोटं बोलता येत नाही, बाबा," ती म्हणाली. "बसलं तर बसलं, नाही तर नाही."

"वा!" बाप म्हणाला. जा म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. नुसतं वा.

आता त्या मुलखातली एक रीत सांगते. आपल्याकडेही ती आहे. घरातून निघणारं माणूस "जाते" म्हणत नसे. ते "येते" म्हणे. आणि मागे राहणाऱ्याने "ये" म्हणायचं. कितीही घाई असो, भांडण झालेलं असो, तो एक शब्द घेतल्याशिवाय कुणी पाऊल बाहेर टाकत नसे. "जाते" हा शब्द दारात कुणीच उच्चारत नसे, कारण जे खरंच जातात ते काही बोलत नाहीत.

मुलगी सकाळी गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. बाप ओसरीवर बसला होता. त्याच्या डोक्यात नव्या नाटकाचा शेवट अडकला होता.

"बाबा, येते."

त्याने वर पाहिलं. तिच्या खांद्यावर पडलेलं ऊन त्याला दिसलं. गाठोड्याची गाठ धरलेली बोटं दिसली, एका पायातल्या चपलेचा तुटका अंगठा दिसला. सगळं दिसलं.

"बाबा, येते म्हटलं."

तो काहीतरी पुटपुटला, पण ते तिच्यासाठी नव्हतं. ती थोडी थांबली. मग शब्द न घेताच निघाली.

दुपारी त्याला तहान लागली. त्याने मुलीला हाक मारली, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो धावत नदीवर गेला. तिची नाव केव्हाच पलीकडे लागली होती. काठाला दुसरी नाव होती. नावाडी म्हणाला, "बसा की कविराज, आत्ता सोडतो पलीकडे."

नाटककाराने एक पाय नावेत टाकला. पण काठावर उभं असतानाच त्याला एक वाक्य सुचलं होतं. "ये, माझ्या बाळा, ये! तुझ्यावाचून हा उंबरा म्हणजे नुसतं लाकूड!" नदी ओलांडेपर्यंत ते विसरलं तर? त्याने पाय मागे घेतला, घरी गेला आणि लिहायला बसला.

ते त्याचं सगळ्यांत मोठं नाटक ठरलं.

नाटकाच्या शेवटी मुलगी घर सोडते. ती गेल्यावर बाप उंबऱ्याशी येतो आणि तिला बोलावतो. घरातल्या एकेका वस्तूला विचारतो, तिला पाहिलंत का? जे काही त्याला मुलीला सांगायचं होतं, ते सगळं त्याने त्या बापाच्या तोंडी घातलं. मागे काही ठेवलं नाही.

तालमीत मंडळीचा मालक म्हणाला, "कविराज, ही पोर निघताना 'येते' म्हणते?"

"हो."

"मग बाप रडतो कशाला? येणारच आहे की ती! दिवाळीला येईल, फराळ करेल. लोक उठून घरी जातील आणि गाढ झोपतील. तिला 'जाते' म्हणू दे."

"मालक, दारात असं कुणी म्हणतं का? आणि माझी मुलगी खरंच 'येते' म्हणाली होती."

"म्हणाली असेल. तिला नाटकातलं काय कळतं? मशालींचा धूर खाऊन म्हातारा झालोय मी, माझं ऐका."

म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं. धूर खाल्ला की तो अनुभव होतो.

पण दोष एकट्या मालकाला कसा देऊ? सगळे गेल्यावर नाटककार रिकाम्या रंगमंचावर उभा राहिला आणि त्याने तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. "जाते." त्याच्या अंगावर काटा आला. हा शब्द खोटा आहे, हे त्याला ठाऊक होतं. हा शब्द जबरदस्त आहे, हेही ठाऊक होतं. त्याने 'येते' खोडलं.

पहिल्या खेळाला नटी दारात थांबली आणि म्हणाली, "जाते, बाबा." मांडवात हुंदका फुटला, आणि मग एकच आवाज झाला, "पुन्हा!"

खेळामागून खेळ झाले. दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या येऊ लागल्या. लोकांना संवाद पाठ झाले. घरोघरी बाया भाकरी थापताना "हा उंबरा म्हणजे नुसतं लाकूड" म्हणू लागल्या.

नाटककार प्रत्येक खेळाला पडद्याआड उभा राहायचा. पडद्याला एक भोक होतं. त्यातून तो रांगेरांगेने चेहरे पाही. कधीतरी ती येईल, ऐकेल, आपण काय म्हणतोय ते तिला कळेल, या आशेवर तो जगत होता. रोज घराचं दार नुसतं लोटून ठेवी, कडी लावत नसे. वाऱ्याने दार हललं तरी उठून बसे. त्याची तळमळ नाटकी नव्हती. तो खरोखर झुरत होता. नदीवर जाऊन नावेत बसायचं मात्र त्याला सुचत नव्हतं.

आणि लोक? ते त्याच्यावर जीव टाकत. एकदा एक बाई त्याच्या पाया पडून म्हणाली, "काय सुंदर दुःख आहे हो तुमचं! ती परत आली तर कसं व्हायचं?" मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, येऊ दे हो, येऊ दे."

तिकडे नदीपलीकडे काही वर्षांत मुलीची विद्या पूर्ण झाली, म्हातारी हाडवैदीण वारली, तिची ओसरी मुलीकडे आली. डोंगराखालच्या त्या गावात नाटकमंडळी कधी पोहोचली नव्हती, पण रुग्णांच्या तोंडून तुटकतुटक कानावर येई की नगरात एका बापाचं फार गाजलेलं नाटक लागलंय, मुलीला हाका मारतो म्हणे तो. मुलीने हातातलं काम संपवलं आणि ती नावेत बसली. बाबांनी बोलावलंय, एवढंच तिच्या मनात होतं.

घर उघडं होतं, बाप नव्हता. म्हणून ती मांडवाकडे गेली आणि शेवटच्या रांगेत एका म्हातारीशेजारी टेकली.

"सरकून बस गं," म्हातारी म्हणाली. "आता रडायचं येतंय. फडकं आहे का तुझ्याकडे? मी जास्तीचं आणलंय. पदराने भागत नाही."

नटी दारात थांबली. "जाते, बाबा."

म्हातारी डोळ्यांना फडकं लावून म्हणाली, "मेलीनं असं बोलावं का बापाच्या तोंडावर? आणि तेही दारात उभं राहून?"

"आजी, ती 'येते' म्हणाली होती."

"तू होतीस का तिथं?"

"होते."

"ऐका!" म्हातारी रडता रडता हसली. "अगं, अख्ख्या राज्याला पाठ आहे ती काय म्हणाली ते. तू कोण आलीस सांगणारी?"

तेवढ्यात नाटकातला बाप उंबऱ्याशी आला. "ये, माझ्या बाळा, ये!" हा तोच शब्द होता, जो तिने सकाळच्या उन्हात उभं राहून मागितला होता. ती उठली. पडद्याच्या कडेला तिला तिचा खरा बाप दिसला. केस पांढरे झाले होते, गाल ओले होते. "बाबा" ही हाक तिच्या ओठांवर आली.

"खाली बस की गं! दिसत नाही!" मागे उभ्या असलेल्यांतून कुणीतरी ओरडलं. आणि सगळा मांडव गरजला, "पुन्हा!"

तिच्या बापाने डोळे पुसले आणि हाताने नटांना खूण केली. पुन्हा करा.

नटी परत दारात आली, परत "जाते" म्हणाली, परत गेली. परत "पुन्हा!" परत बापाचा हात वर झाला. मुलगी पाहत राहिली. दर वेळी तिला घराबाहेर काढलं जात होतं, दर वेळी बाप रडत होता, आणि दर वेळी तोच खूण करत होता.

ती खाली बसली. म्हातारीचं मनगट सुजलेलं तिला मघापासून दिसत होतं. "आजी, हात द्या," ती म्हणाली. तिने मनगट धरलं, अंगठ्याने दाबलं, हलकेच ओढलं. कट् असा आवाज झाला. जास्तीचं फडकं तिने मनगटाला घट्ट बांधलं आणि ती उठून गेली.

खेळ संपल्यावर म्हातारी नाटककाराला गाठून म्हणाली, "खेळ झकास हो, कविराज. पण तुमच्यात खोट काढणारी एक भेटली बघा. म्हणे ती पोर 'जाते' म्हणालीच नव्हती, 'येते' म्हणाली होती!"

नाटककाराचा चेहरा उतरला. तो शब्द जगात तिघांनाच ठाऊक होता: त्याला, मुलीला आणि मालकाला. "कुठे आहे ती?"

"गेली की. माझं मनगट बसवलं आणि गेली. चांगली पोर, पण आगाऊ. हाडवैदीण दिसते. डोंगराखाली आहे ना ती जुनी ओसरी, तिथलीच असेल."

आता तरी त्याने नदी गाठावी की नाही? पण त्याला बोलण्याची एकच वाट माहीत होती. त्याला वाटलं, नाटकातला शब्द बदलतो. सगळं राज्य हे नाटक बोलतं, चार दिवसांत तिच्या कानावर जाईल.

दुसऱ्या दिवशी नटी दारात थांबली आणि म्हणाली, "येते, बाबा."

एकजण ओरडला, "चुकली!" दुसरा म्हणाला, "'जाते' म्हण गं बाई, 'जाते'!" जाणत्या मंडळींनी कधी नव्हे ते डोळे उघडले. मग सगळ्या मांडवाने एका आवाजात तिला शब्द पुरवला, "जाते!"

नाटककार पडद्यातून बाहेर धावला. "मी लिहिलंय ते! मी बदलतो! ती येणार आहे!"

मालकाने त्याला दंड धरून आत ओढलं. "काय चाललंय, कविराज? तुम्ही लिहिलंत तेव्हा ते तुमचं होतं. आता लोकांचं आहे. उगाच मध्ये पडू नका."

तेव्हा कुठे तो नदीवर गेला आणि नावेत बसला.

मुलीच्या ओसरीवर माणसं बसली होती. पाय मोडलेला लाकूडतोड्या होता, कडेवर मूल घेतलेली एक आई होती, गावोगावहून आलेले आणखी कितीतरी. मुलगी एकाच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधत होती. नाटककार रांगेत बसला. पाळी आली तेव्हा तिने वर पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली. मग सगळ्यांना विचारते तसं तिने विचारलं, "कुठे दुखतंय?"

त्याचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केले. "ये," तो म्हणाला. "ये, माझ्या बाळा, ये. तुझ्यावाचून हा उंबरा म्हणजे..."

"नुसतं लाकूड!" लाकूडतोड्याने वाक्य पुरं केलं. "वा! काय म्हटलंत! थेट त्या नाटकातला बाप! मी सासुरवाडीला गेलो होतो तेव्हा पाहिलंय."

ओसरीवर टाळ्या पडल्या. आपलं दुखणं विसरून माणसं जवळ सरकली.

"अहो, मी नाटक करत नाही," नाटककार कळवळून म्हणाला. "मी खरंच हिचा बाप आहे."

"आम्ही पण!" लाकूडतोड्या डोळे पुसत म्हणाला. "तो खेळ बघताना आम्ही सगळेच तिचे बाप असतो."

नाटककाराने दुसरं वाक्य शोधलं. "तू गेल्यापासून चूल..." मूल घेतलेल्या बाईने ते पुरं केलं. त्याने तिसरं शोधलं. तेही कुणाला तरी पाठ होतं. आत, खोल, जे जे होतं ते सगळं तो देऊन बसला होता. आता तो नुसता उघड्या तोंडाने उभा राहिला. लोकांना वाटलं, नाटकातल्या बापाचा तो मुका प्रवेश असतो ना, तोच हा. तेही गप्प झाले, अगदी आदराने.

मुलीने खूप वेळ वाट पाहिली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे सगळं मी ऐकलंय. मागच्या रांगेत बसून ऐकलं. फार चांगलं आहे. पण ते यांचं आहे. माझ्यासाठी काही आणलंत का?"

त्याच्याकडे काहीच नव्हतं.

तिने त्याला आत नेलं, भाकरी वाढली, पाणी दिलं, लांबून आलेल्या पाहुण्याला देतात तसं. बाहेर मूल कळवळून रडत होतं, म्हणून ती कामाला लागली.

दिवस कलला, तेव्हा तो निघाला. नाटकातला बाप आलाय, ही बातमी गावभर झाली होती. अख्खं गाव त्याला पोहोचवायला नदीपर्यंत आलं. कुणी नारळ दिला, कुणी पाया पडलं. पाय मोडलेला लाकूडतोड्यासुद्धा दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. नाव सुटली तेव्हा नाटककाराने मागे वळून पाहिलं. मुलगी काठापर्यंत आली होती की ओसरीवरच राहिली होती? ती काही बोलत होती का? त्याने टाचा उंचावल्या, मान लांब केली. काठावर माणसंच माणसं होती, आणि सगळी त्याच्यासाठी हात हलवत होती. त्या गर्दीत त्याला ती दिसली नाही.

त्यानंतर त्याने लेखणी मोडली, असं मोठी माणसं सांगतात. त्यांना असले शेवट आवडतात. खरं म्हणजे तो पुढेही लिहीत राहिला, आणि लोक रडत राहिले. नदीपलीकडे त्याची मुलगी हाडं बसवत राहिली. तिच्यापर्यंत त्याच्या नाटकांची कीर्ती गेली, तो मात्र पोहोचला नाही.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, लक्षात ठेवा: जे एका माणसाला सांगायचं आहे ते आधी त्यालाच सांगावं, कारण साऱ्या जगाला ऐकवलं तरी ते त्या एकाला सांगितल्यासारखं होत नाही.